अंतर्मन कोणाच्या वाट्याचे?

आपल्याकडे चित्रकलेवर जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यात स्त्री-चित्रकारांचा विषय निघाला की तीन शब्द हमखास येतात : स्मृती, निसर्ग आणि अंतर्मन. अमुक चित्रकर्ती बालपणाच्या स्मृतींचा शोध घेते, तमुक चित्रकर्तीच्या कॅनव्हासवर निसर्ग हा मनाचा आरसा होतो, असे आपण वाचतो. शब्द चांगले आहेत. माझी तक्रार शब्दांविषयी नाही, त्यांच्या वाटपाविषयी आहे. हे शब्द कोणाच्या चित्रांना मिळतात आणि कोणाच्या चित्रांना मिळत नाहीत हे तपासू लागलो, की जुनीच व्यवस्था नवे कपडे घालून उभी असलेली दिसते. शहरातल्या, शिकलेल्या, बहुधा सवर्ण घरातून आलेल्या चित्रकर्तीला 'स्मृती' असते. विटा वाहिलेल्या, धुणीभांडी केलेल्या दलित-आदिवासी चित्रकर्तीला 'परंपरा' असते. पहिलीला अंतर्मन असते, दुसरीला 'सहजता' असते. पहिलीचे झाड हे प्रतीक ठरते, दुसरीचे झाड हे 'लोकजीवनाचे दर्शन' ठरते. पहिलीच्या चित्राखाली तिचे नाव असते. दुसरीच्या चित्राखाली पुष्कळदा तिच्या जमातीचे, जिल्ह्याचे नाहीतर शैलीचे नाव असते.

हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. एखाद्याचे अंतर्मन मान्य करणे म्हणजे त्याला व्यक्ती म्हणून मान्य करणे. जातिव्यवस्थेने आपल्याला जमीन नाकारली, पाणी नाकारले, अक्षर नाकारले, हे आपण जाणतो. त्यांच्याबरोबर तिने आणखी एक गोष्ट नाकारली : एकेकट्या माणसाचे मन. त्या व्यवस्थेच्या लेखी खालच्या माणसाला जात असते, धंदा असतो, 'त्यांची रीत' असते. त्याला स्वतःचे असे काही आठवते, खुपते, स्वप्नात दिसते, हे तिला ठाऊकच नसते. आजची कलासमीक्षा पुरोगामी भाषेत तेच करीत असेल, तर आपण गप्प का बसावे?

दोन चित्रकर्तींची उदाहरणे शेजारी शेजारी ठेवतो.

माधवी पारेख यांचा जन्म १९४२ चा, गुजरातमधील संजाया या खेड्यातला. कलाशाळेत त्या गेल्या नाहीत. विवाहानंतर चित्रकार असलेल्या पतीच्या, मनू पारेख यांच्या प्रोत्साहनाने १९६० नंतरच्या दशकात त्या चित्रे काढू लागल्या. गावातली रांगोळी, भरतकाम, पशुपक्षी, ऐकलेल्या गोष्टी त्यांच्या चित्रांत आल्या. १९८७ ते १९८९ या काळात नलिनी मलानी, नीलिमा शेख, अर्पिता सिंग आणि माधवी पारेख या चौघींचे 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे प्रदर्शन देशात फिरले. भारतीय स्त्री-चित्रकारांच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. माधवीबाईंच्या चित्रांतले गाव ही त्यांची वैयक्तिक स्मृती आहे असे समीक्षक म्हणतात. मलाही ते पटते.

आता भूरीबाई. मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यातले पिटोल हे त्यांचे गाव. जातीने म्हणाल तर भिल्ल. भोपाळमध्ये भारत भवनाचे बांधकाम चालू होते तेव्हा त्या तिथे मजुरीला होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तिथल्या मजूर बायांना, तुम्ही घरी काय काढता ते काढून दाखवा, असे सांगितले. मजुरीचा रोज सहा रुपये होता आणि चित्र काढण्याचे दिवसाला दहा रुपये मिळाले, हे भूरीबाईंनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. बसून रंगवण्याचे पैसे ओझे वाहण्यापेक्षा जास्त कसे, याचे त्यांना नवल वाटले होते. १९८२ मध्ये भारत भवनाचे उद्घाटन झाले. पुढे भूरीबाई भोपाळमध्येच चित्रकार म्हणून नोकरीला लागल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोघींत साम्य किती आहे पाहा. दोघींनी गाव मागे सोडले. दोघी कलाशाळेबाहेरच्या. दोघींच्या पुढे कागद आला तो एका जाणत्या चित्रकाराच्या सांगण्यावरून. दोघींच्या चित्रांत झाडे, जनावरे, घरे, गावातले देव आहेत. तरीही एक 'आधुनिक चित्रकार' आहे आणि दुसरी 'भिल्ल कलाकार' आहे. फरक कशात आहे? फरक दारात आहे. एक चित्रकाराच्या घरातून आत आली, दुसरी डोक्यावर घमेले घेऊन आली. यात माधवीबाईंचा काही दोष नाही, आणि त्यांची चित्रे कमी लेखण्याचा माझा हेतूही नाही. स्वामीनाथन यांनी तर आदिवासींची चित्रे आजच्या काळाचीच चित्रे आहेत असे ठासून सांगितले होते, आणि शहरी चित्रे व आदिवासी चित्रे एकाच छपराखाली आणली होती. इमारतीने जे केले ते समीक्षेने केले नाही.

निसर्गचित्र या कल्पनेतच एक गोम आहे. निसर्ग 'दृश्य' व्हायला पाहणारा त्याच्या बाहेर, थोडा उंचावर आणि रिकामा उभा असावा लागतो. जो चिखलात वाकून लावणी करतो त्याला शेत दिसत नाही, चिखल दिसतो. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. आमच्या गावच्या शिवाराचे वर्णन ती करी तेव्हा त्यात टेकडीवरचा सूर्यास्त नसे. कोणत्या बांधावर कोणी मजुरी बुडवली, कोणत्या विहिरीवर वरून पाणी ओतून घ्यावे लागे, कोणत्या बाभळीखाली तान्ह्या पोराची झोळी बांधली होती, असा तिचा नकाशा होता. तो निसर्ग नव्हता काय? होता; फक्त त्यात श्रम होते आणि अपमान होता. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी महाविद्यालयात आलो आणि निसर्गवर्णनाच्या कविता शिकवू लागलो, तेव्हा हा नकाशा कोणत्याच पाठ्यपुस्तकात बसत नाही हे मला कळले.

भूरीबाईंची चित्रे मला या नकाशाच्या जवळची वाटतात. झाड, हरीण, मोर, झोपडी यांची अंगे त्या ठिपक्यांनी भरतात. ठिपका हा भिल्ल चित्रांचा विशेष आहे हे सारेच सांगतात. पण ठिपका म्हणजे हाताची पुन्हा पुन्हा केलेली एकच हालचाल. बी टोकण्यासारखी, सारवण्यासारखी. ज्या शरीराला अशा कामाची सवय आहे ते शरीर चित्रातही तसेच चालते, असे मला वाटते. आणि त्यांच्या चित्रांत हरणांच्या बरोबरीने विमान आणि मोटारगाडीही येते. ज्यांना 'शुद्ध आदिवासी' हवा असतो त्यांना हे विमान खटकते. मला वाटते, ते विमान म्हणजेच अंतर्मन. गावातून उपटून शहरात आणलेल्या बाईने वर पाहिले तेव्हा जे दिसले ते तिने आपल्या झाडांच्या शेजारी बसवले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिठोरा हे भिल्लांचे विधिचित्र पुरुषच काढतात. त्यातला घोडा बायकांनी काढायचा नाही असा दंडक. म्हणजे भूरीबाईंना 'परंपरेची वाहक' म्हणणेही पुरते खरे नाही. परंपरेने ज्यात त्यांना हातच घालू दिला नाही ते मध्यवर्ती चित्र सोडून, उरलेल्या जागेत त्यांनी आपले जग उभे केले. भोपाळच्या आदिवासी संग्रहालयाच्या भिंतीवर तर त्यांनी आपले सारे आयुष्यच रंगवले आहे : गावातले बालपण, मजुरी, हाती आलेला कागद. याला आत्मचरित्र म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

बिहारमधल्या मिथिलेची हकीकत याहून बोलकी आहे, कारण तिथे जात उघड आहे. १९३४ च्या भूकंपात घरे पडली आणि आतल्या भिंतींवरची चित्रे विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. १९४९ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात त्याने त्यांवर लेख लिहिला. त्यात ब्राह्मण शैली आणि कायस्थ शैली असे वर्गीकरण होते. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळातर्फे मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी मधुबनीला गेले आणि बायकांना कागद देऊन चित्रे काढवू लागले. त्यातून पुढे आलेल्या पहिल्या नामवंत चित्रकर्ती ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या होत्या. त्याही गरीबच होत्या, हे विसरता कामा नये. कायस्थ घरातल्या गंगादेवींनी आपली अमेरिकेची यात्रा रंगवली आणि शेवटी आपला कर्करोगही रंगवला. १९९१ मध्ये त्या वारल्या. आजारी शरीराचे इतके निर्भीड चित्रण आपल्या कलेत थोडेच असेल. तरीही दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी रंगवलेले कोहबर घर नूतनीकरणाच्या कामात पाडले गेल्याचे २०१५ मध्ये उघडकीस आले. एखाद्या नावाजलेल्या आधुनिक चित्रकाराच्या भिंतीवर असा हातोडा इतक्या सहज पडला असता काय? 'लोककला' या शब्दात ही सोय आहे : ती कोणा एकाची नसते, म्हणून पुन्हा कोणाकडूनही काढवून घेता येते.

दलित बाया या चित्रांत आल्या त्या १९७० नंतरच्या दशकात. जर्मन संशोधक एरिका मोझर यांनी जितवारपूरच्या दुसाध बायांना चित्रे काढण्यास प्रोत्साहन दिले. त्यांनी उच्चवर्णीयांच्या कोहबराची नक्कल केली नाही. चानो देवी आणि त्यांच्या बरोबरच्या बायांनी गोदना, म्हणजे आपले गोंदण, कागदावर आणले. बांबूची काडी, काजळी, शेणाने सारवल्यासारखा केलेला कागद, आणि त्यावर रांगांनी उभी राहणारी माणसे, झाडे, पाखरे. दुसाधांचा लोकनायक राजा सलहेस याच्या कथा त्यांत आल्या. शांती देवी आणि शिवन पासवान या दुसाध दाम्पत्याला २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच गोदना चित्रांसाठी.

भिंत ही घर असलेल्यांची असते. ज्याचे घर दर पावसाळ्यात वाहून जाते, ज्याला गावाबाहेर हाकलता येते, त्याच्याजवळ चित्र ठेवायला खात्रीची जागा एकच : स्वतःची कातडी. माझ्या आजीच्या हातावर हिरवे पडलेले गोंदण होते. दागिना चोरीला जातो, सावकार नेतो, गोंदण मात्र सरणापर्यंत सोबत येते, असे ती म्हणे. चानो देवींनी ही कातडीवरची स्मृती कागदावर उतरवली तेव्हा त्यांनी नुसती शैली बदलली नाही. सुईने टोचून घेतलेली वेदना बोरूने सांगायला सुरुवात केली. समीक्षक याला 'गोदना शैली' म्हणून मोकळे होतात. शैली म्हटले की वेदना विचारावी लागत नाही.

दुलारी देवींची गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे. मधुबनीजवळच्या रांटी गावच्या मल्लाह, म्हणजे मासेमाऱ्यांच्या जातीतल्या. लहानपणी लग्न, तान्ही मुलगी वारली, माहेरी परत. गावातल्या कायस्थ चित्रकर्तींच्या घरी त्या झाडलोट, धुणीभांडी करीत. तिथेच चित्रे पाहिली आणि कर्पूरी देवी, महासुंदरी देवी यांच्याकडून शिकल्या. २०१० मध्ये त्यांच्या चित्रांतून सांगितलेले त्यांचे आयुष्य पुस्तकरूपाने आले, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. १ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी अंदाजपत्रक मांडताना दुलारी देवींनी दिलेली, मधुबनी चित्रांची साडी नेसली होती. त्या दिवशी साडीची चर्चा खूप झाली. त्या साडीवर मासे होते. मिथिलेच्या कोहबरात मासा हे वंशवृद्धीचे शुभचिन्ह आहे, हे लगेच सांगितले गेले. पण मल्लाहाच्या मुलीला मासा म्हणजे केवळ शुभचिन्ह नव्हे. तो पहाटेचा गारठा आहे, जाळे आहे, आणि न मिळाला तर उपास आहे. एकच मासा, काढणाऱ्या हाताची जात बदलली की त्याचा अर्थ बदलतो. दुलारी देवींच्या चित्रांत तळी, होड्या, जाळी आणि मासे विकणारी माणसे वारंवार येतात. शिकलेली रेषा कायस्थ अंगणातली आहे, पण तिच्यातून जे आठवले जाते ते मल्लाह टोल्यातले आहे. ही ओढाताण हेच त्यांच्या चित्राचे अंतरंग. जी बाई दुसऱ्याचे अंगण सारवता सारवता रेषा शिकली, तिच्या रेषेत ते अंगण आणि त्याचा उंबरठा दोन्ही असणारच. 'मोलकरणीची पद्मश्री' असे मथळे देणाऱ्यांनी कथा सांगितली, चित्र पाहिले नाही.

मराठी वाचकाला हे सारे ओळखीचे वाटले पाहिजे. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ मध्ये आले. पुढे बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आले, २००३ मध्ये उर्मिला पवार यांचे 'आयदान' आले. त्या वेळी या पुस्तकांना 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून गौरवण्याची पद्धत होती, आजही ती गेलेली नाही. दस्तऐवज म्हणजे काय? जो साक्ष देतो पण ज्याला मन नसते. पांढरपेशा लेखिकेने सासरचे दुःख लिहिले की ते मनाचे सूक्ष्म चित्रण, आणि बेबीताईंनी भुकेचे लिहिले की ती माहिती! शांताबाईंनी आपल्या आयुष्याला 'चित्तरकथा' म्हटले आणि उर्मिलाताईंनी विणलेल्या आयदानाचे नाव दिले, यातच त्या आपल्या आठवणींना आकार देत होत्या हे स्पष्ट होते. लेखनाला जी मोजपट्टी लावली गेली तीच चित्रांना लावली जात आहे.

आपल्या महाराष्ट्रातली वारली चित्रे घ्या. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. कागद आला तो १९७० नंतरच्या दशकात, त्याच भास्कर कुलकर्णींच्या खटपटीतून. आणि कागदावर नाव झाले ते मुख्यतः पुरुषांचे. जिव्या सोमा मशे हे थोर चित्रकार होते, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण भिंतीवरून कागदावर येताना बाईच्या हातातली काडी पुरुषाच्या हातात गेली, आणि ज्या बायांनी पिढ्यान् पिढ्या चौक लिहिले त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. जिथे पैसा आणि मान येतो तिथे बाई मागे सरते, हे जातीइतकेच जुने सूत्र आहे.

इथवर दोष प्रस्थापितांना दिला. आता चळवळीतल्या मित्रांशी बोलायचे आहे. आपणही चित्राकडे कसे पाहतो? आपल्याला चित्रात घोषणा हवी असते. बाबासाहेबांची तसबीर, सावित्रीबाईंची तसबीर, उगवता सूर्य, तुटलेली साखळी. यांचे मोल मी जाणतो. धर्मांतरानंतर आपल्या घरांतल्या भिंतींवरून जुने देव उतरले आणि बुद्ध-बाबासाहेब आले, ही आपल्या दृश्यकलेतली मोठी क्रांती होती. पाटण्याच्या मालविका राज यांनी मधुबनीच्या रेषेतच बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे जीवन रंगवले. देवादिकांसाठी राखलेली रेषा त्यांनी आपल्या नायकांसाठी हिसकावून घेतली, हे मोठे काम आहे.

पण जी घोषणा देत नाही तिचे काय? दुलारी देवी देवाची चित्रेही काढतात, म्हणून त्या आपल्या नव्हेत काय? एका चर्चासत्रात मी गोदना चित्रांविषयी बोललो तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, 'यात विद्रोह कुठे आहे?' प्रश्न प्रामाणिक होता. माझे उत्तर असे : ज्या बाईला मन नाही असे साऱ्या गावाने धरले होते, तिने दिवसभर बसून स्वतःला आठवते ते काढावे आणि खाली आपले नाव लिहावे, हा विद्रोहाचा आरंभ आहे. तो पुरेसा नाही, हेही खरे. देव काढणाऱ्या चित्रकर्तीशी आपण वाद घालू, तो घातलाच पाहिजे. पण आधी तिला वाद घालण्याजोगी व्यक्ती मानू. दलित बाईकडून फक्त आक्रोश मागणे ही 'परंपरा' मागणाऱ्यांचीच दुसरी बाजू आहे. दोघांनाही तिच्या एकांताशी कर्तव्य नाही.

नीलिमा शेख यांनी १९८४ मध्ये 'व्हेन चंपा ग्रू अप' ही बारा चित्रांची मालिका केली. ओळखीतल्या एका मुलीचे लग्न, छळ आणि मरण असा तिचा विषय. त्या चित्रांना सामाजिक आशय आहे म्हणून कोणी त्यांची कला नाकारली नाही, आणि कला आहे म्हणून आशय पुसला नाही. अर्पिता सिंग यांचे २०२५ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत मोठे प्रदर्शन झाले, त्याचे नावच 'रिमेंबरिंग' असे होते. स्मृती हा शब्द तिथे एका व्यक्तीच्या साठ वर्षांच्या कामाला सन्मानाने दिला गेला. मला तोच शब्द त्याच सन्मानाने पिटोल, जितवारपूर आणि रांटीच्या बायांसाठी हवा आहे. त्यांच्याकडून काढून घेऊन नव्हे, त्यांच्या बरोबरीने.

आणि सन्मान म्हणजे स्तुती नव्हे. बाजार मोर मागतो म्हणून मोरावर मोर काढले जातात, त्यांत भूरीबाईंचा ठिपका केवळ छाप होऊन बसतो, हे आपण म्हटले पाहिजे. मागणीबरहुकूम काढलेला मासा आणि आठवून काढलेला मासा यांतला फरक ओळखता आला पाहिजे. 'भोळीभाबडी कला' म्हणून सगळ्यालाच छान म्हणणे ही दया आहे. ज्याला आपण बरोबरीचा मानतो त्याचेच आपण दोष काढतो.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. अशा चित्रावर लिहाल तेव्हा आधी काढणारीचे नाव लिहा, जमातीचे नंतर. चित्र कोणत्या वर्षीचे ते विचारा; परंपरेला तारीख नसते, व्यक्तीला असते. तिने काय सोडले, काय नवे घातले ते पाहा. आणि आपल्या आया-आज्यांना विचारा, त्यांनी कोणत्या भिंतीवर, कोणत्या अंगणात, कोणत्या हातावर काय काढले होते. त्यांना अजून सांगता येते आहे तोवर ते लिहून घ्या. आपल्या नियतकालिकांत कविता आणि आत्मकथने यांना जेवढी पाने मिळतात, त्यांतली काही यापुढे चित्रांनाही मिळाली पाहिजेत. हे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.